तापल्या सड्यावरचा तांडेल

मिरजोळ्याच्या वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळपठार, वैशाखात पाहावा. काळा कातळ दुपारी असा तापतो की त्यावरची हवा डोळ्यांना दिसते. ती पाण्यासारखी थरथरते आणि पलीकडची काजूची झाडं उभ्या उभ्या वितळायला लागल्यासारखी वाटतात. पाखरू त्या वेळी कातळावर उतरत नाही. याच कातळावर विमानांची पट्टी आहे, आणि याच पट्टीवर मुसा तांडेलांनी आयुष्यातली शेवटची नोकरी केली. समुद्रावरचा माणूस डोंगरावर चढला आणि तिथंही वाऱ्याच्याच कामाला लागला.

तांडेल मूळचे राजिवड्याचे. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य. त्यांच्या घरात हा मान बापाकडून मुलाकडे येत गेला. मंगळूरची कौलं, मलबारचं लाकूड, मीठ, नारळ, जे मिळेल ते शिडावर घेऊन त्यांचं गलबत आमच्या खाड्यांमधून फिरायचं. पुढे ट्रकांनी माल नेला, इंजिनाच्या लाँचांनी मासळी नेली आणि शिडाच्या गलबताला कोणी विचारीना. एका उन्हाळ्यात ते गलबत किनाऱ्यावर ओढलं ते ओढलंच. त्याच्या फळ्या कोणाच्या गोठ्याला लागल्या, कोणाच्या पडवीला. तांडेलांनी त्यातलं एकच घरी आणलं. पाण्याचा थांग घ्यायचा, दोरीला बांधलेला शिशाचा गोळा. बापाचा होता. दोन्ही हातांनी उचलावा लागे.

नंतर ते सड्यावर आले. पट्टीवरची गुरं हाकणं, वारा दाखवणारी कापडी पिशवी खांबावर नीट ठेवणं, विमानात माल रचून बांधणं, हे त्यांचं काम. आम्ही गावातले त्यांना चिडवायचो, "काय मुसाभाय, समुद्र सोडून कातळावर कसली मासळी मारतांव?"

ते शांतपणे पिशवीकडे बघत म्हणायचे, "शीड छोटं झालं रे, वारा तोच हाय."

एक गोष्ट मात्र ते वारंवार सांगत. बापाच्या हाताखाली असताना मंगळूरहून कौलं भरून आले होते. पावसाळा नुकताच सरलेला, खाडी वरच्या गोड्या पाण्यानं भरलेली. खाऱ्या समुद्रातून रुबाबात आलेलं गलबत खाडीत शिरल्यावर दोन-तीन बोटं खाली बसलं आणि काठावरून पाणी आत यायला लागलं. बापानं कौलांच्या थप्प्या पाण्यात टाकायला लावल्या तेव्हा कुठं गलबत वाचलं. गोडं पाणी पातळ, ते खाऱ्या पाण्याएवढं तोलून धरत नाही. "माल तोच, गलबत तेच," बाप म्हणाला होता, "पाणी बदललं. तांडेलानं आधी पाणी वळखायचं, मग माल."

ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की बाबल्या हमाल पुढचं वाक्य आधीच बोलून टाकायचा. ती कधी सड्यावर कामाला येईल असं कोणाला वाटलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यात ती आली. पट्टीचा समुद्राकडचा निम्मा भाग तेव्हा दुरुस्तीला उखडलेला होता. तिथं खडीचे ढीग आणि डांबराची पिंपं. उरलेल्या निम्म्यावर लहान विमानांनाच मुभा होती. काशीरामशेठ हे आमच्या भागातले मोठे बागायतदार. त्यांनी त्या वर्षी आपला हापूस विमानानं मुंबईला पाठवायचं ठरवलं आणि एक जुनं, लहान विमान ठरवलं. पुढे दोन माणसं बसतील, मागे पेट्या. चालवणारे कॅप्टन वेलणकर. आडनाव आपल्या वेळणेश्वराचं, पण जन्म नागपूरचा, त्यामुळे ऊन म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. आदल्या संध्याकाळी विमान उतरवून त्यांनी शेठना बजावलं, "पहाटे निघायचं. ऊन चढलं की एवढा माल मला उचलता येणार नाही."

शेठनी मान हलवली. पण गाऱ्हाणं घातल्याशिवाय पेट्या हलणार कशा? आमच्याकडे नवं काम निघालं की देवापुढे नारळ ठेवून गुरव गाऱ्हाणं घालतो. गुरव शेजारच्या वाडीत लग्नाला गेलेला. तो सकाळी उशिरा आला, आणि विमानाचं पहिलंच गाऱ्हाणं म्हणून त्यानं काही राखून ठेवलं नाही. ग्रामदेवतेपासून सुरुवात करून राखणदार, मूळपुरुष, बागेतली कलमं, विमानाची चाकं, मुंबईचा दलाल, सगळ्यांना सांभाळून घ्यायला सांगितलं. जमलेल्यांनी दर वेळी "व्हय महाराजा" म्हटलं. पेट्या सड्यावर पोचून विमानात रचल्या गेल्या तेव्हा सूर्य माथ्यावर येऊ लागला होता.

वेलणकरांनी सावलीत टांगलेला तापमापक बघितला, हातातल्या छोट्या चकतीवर हिशोब केला आणि म्हणाले, "निम्म्या पेट्या उतरवा."

"निम्म्या?" शेठ म्हणाले. "अहो, देवाला सगळ्या सांगितल्यात!"

एवढ्यात गावाकडून रिक्षा धुरळा उडवत आली. तीतून उतरला अकबर. तांडेलांच्या बहिणीचा मुलगा, आणि नसीमा या त्यांच्या लेकीचा नवरा. मागोमाग नसीमाही उतरली, तिच्या डोळ्यांत पाणी आणि हातात नवऱ्याची पत्र्याची ट्रंक. अकबर जहाजावरचा खलाशी. पण तीन वर्षं त्याला जहाज मिळालं नव्हतं. घरी बसून जाळी विणत होता, आणि दारुड्यालाही कोणी मारत नाही इतके लोकांचे टोमणे ऐकत होता. त्याच्या हातात तार होती. जहाज मिळालं होतं, पण त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मुंबईच्या कचेरीत हजर व्हायचं होतं. नाही गेला तर पुढच्या माणसाचं नाव लागणार. एस.टी. पोचायची मध्यरात्री.

"मामू," तो तांडेलांना म्हणाला, "तू बोल ना त्यांच्याशी. मी पेट्यांवर बसून जातो. उभा राहून जातो."

तांडेलांनी वेलणकरांकडे बघितलं. वेलणकरांनी डोकं हलवलं. "माणूस नेतो. मग पेट्या आणखी उतरवाव्या लागतील. थोड्याच राहतील."

आता लोक खवळले. बाबल्या म्हणाला, "काल सांजच्याला एवढं सामान घेऊन उतारला नाय हा? रातीत काय विमान म्हातारं झालं?"

"विमानाला ऊन लागतं व्हय?" गोदा म्हणाली. ती पेट्यांत पेंढा भरायच्या कामाला होती आणि तिची जीभ सगळ्या वाडीला माहीत होती. "मग कांदा ठेवा त्याच्या खिशात!"

सगळे हसले. वेलणकरही हसले, आणि चिडले नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "बाई, ऊन विमानाला नाही, हवेला लागतं. तापली की हवा फुगते, पसरते, विरळ होते. मग पंखाखाली धरायला हवा कमी. इंजिनाला श्वास कमी. पुढचा पंखा फिरतो, पण त्याला हवेचा चावा मिळत नाही. उंच डोंगरावर हवा अशीच विरळ असते. आपला सडा आहे समुद्रापासून तीनशे फूट. पण आत्ता, या उन्हात, विमानाला वाटतंय की ते तीन हजार फुटांवर उभं आहे. आंबा घाटाच्या माथ्याहूनही वर. कोल्हापूरला तर जमीनच दोन हजार फुटांवर. तिथून मेच्या दुपारी उडताना मी अर्धा माल खाली ठेवतो."

लोक एकमेकांकडे बघू लागले. सडा घाटापेक्षा उंच झाला, हे कोणाच्या पचनी पडेना.

तेव्हा तांडेल पुढे झाले. "खाडी," ते म्हणाले.

बाबल्या म्हणाला, "आली! कौलं आली!"

"व्हय, आली. गप ऐक. माल तोच, गलबत तेच, पाणी बदललं. सकाळची हवा म्हंजे खारं पानी, घट, दाट. दुपारची हवा म्हंजे पावसातली खाडी. हे विमान आता खाडीत शिरलंय. कौलं टाका नायतर बुडा."

एवढंच बोलले. पण ते बोलणं सगळ्यांना पटलं, कारण त्यातली खाडी आमची होती. काशीरामशेठनी एकदा पेट्यांकडे, एकदा नसीमाच्या तोंडाकडे बघितलं. मग ऐटीत उपरणं झटकून म्हणाले, "उतरवा. आंबा उद्या सकाळी जाईल, हवा घट असताना. जहाज काय उद्यापर्यंत थांबणार नाही. पण चार पेट्या जाऊ द्या, देवाचा शब्द राहायला हवा."

पेट्या उतरल्या. वेलणकर तांडेलांना घेऊन पट्टी चालत गेले. पिंपांच्या बरंच अलीकडे, पट्टीच्या कडेला त्यांनी एक मोठा दगड ठेवायला लावला आणि त्याला चुना फासला. "या दगडापर्यंत विमान पुरेशा वेगात आलं नाही, तर मी थांबवणार. पुढे गेलो तर थांबायला जागा नाही, पिंपं आहेत. दगडाशी काय ते ठरणार. दगडानंतर विचार करायचा नाही."

"कबूल," तांडेल म्हणाले.

ते दोघं दगड रंगवत होते, तेवढ्या वेळात विमानापाशी जे घडलं ते आमच्याच मुलखात घडू शकतं. आमच्याकडे अर्ध्याअधिक घरांचे बाप्ये मुंबईला. मुंबईला कोणी निघाला आणि रिकाम्या हातानं गेला, असं कधी झालं नाही. एस.टी. असो, बोट असो, निघालेल्या माणसाबरोबर फणस जातो, तांदूळ जातो, आमसुलं, कुळथाचं पीठ, सुकी मासळी जाते. मुंबईला विमानतळावर शेठचा पुतण्या सदू पेट्या घ्यायला येणारच होता. मग काय! गोदानं मुलासाठी आणलेला कापा फणस पेट्यांच्या मागे सरकवला. पट्टीचा राखणदार भागोजी, त्यानं भावासाठी तांदळाचं बोचकं ठेवलं. रिक्षावाल्यानं नारळ दिले. बाबल्यानं बहिणीसाठी दुसरा फणस आणला, तो तर गोदाच्या फणसाचा थोरला भाऊ शोभेल असा. वर गोणपाट घातलं. प्रत्येकाचं म्हणणं एकच, एवढ्यानं काय होतंय!

परत आल्यावर वेलणकरांनी विचारलं, "तांडेल, माल बघितलात?"

"बघितला," तांडेल म्हणाले. बघितला होता, पण दगड रंगवायला जाण्याआधी. अकबरला आत बसवून त्यांनी दार लावलं आणि ते बाजूला झाले.

विमान सुटलं. पंख्याचा आवाज सड्यावर घुमला, धूळ उठली. ते धावू लागलं, पण मला तरी ते चिखलात धावणाऱ्या रेड्यासारखं वाटलं. नाक उगीच वर उचलत होतं आणि शेपूट जड. पांढरा दगड जवळ आला. आवाज एकदम पडला. चाकं किंचाळली, विमान दगड ओलांडून आणखी घसरत गेलं आणि पिंपांच्या अलीकडे, एवढ्याशा अंतरावर उभं राहिलं.

वेलणकर उतरले. त्यांनी मागचं दार उघडलं, गोणपाट ओढलं, आणि गोदाचा फणस गडगडत त्यांच्या पायाशी आला.

"हा कोणाचा?"

सगळ्यांनी गोदाकडे बघितलं. मग गोदा म्हणाली, "माजा. पण कापा हाय हो, बरका नाय. सांडनार नाय."

"बाई, सांडण्याचा प्रश्न नाही!" वेलणकर ओरडले. "पेट्या उतरवल्या आणि त्याच्या जागी तुम्ही सगळं कोकण भरलंत! तेही शेपटाकडे! आता मी नेणार नाही. संध्याकाळी थंड झाल्यावर बघू."

संध्याकाळी म्हणजे जहाज गेलं. अकबर विमानातून उतरून तिथंच तापल्या कातळावर उकिडवा बसला. बाबल्या, भागोजी, रिक्षावाला, सगळे आपापली बोचकी काढून खाली मान घालून उभे राहिले. विमान रिकामं झालं असं वाटलं.

तेव्हा मुसा तांडेल विमानापाशी गेले. त्यांनी अकबरच्या जागेखाली हात घातला आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी बाहेर काढलं. कापड सोडलं. आत बापाचा शिशाचा गोळा होता.

"हा माजा," ते म्हणाले. "नसीमानं घरनं आनलेला, दार लावताना मी आत ठेवला. पोरगा दर्यावर चाललाय, घरातलं काहीतरी बरोबर असावं म्हनून. खाडीची गोष्ट तुमाला सांगितली मी, आनि शिसं ठेवलं ते पन मीच."

सड्यावर कोणी हसलं नाही. तांडेलांची मान मात्र खाली नव्हती. ते वेलणकरांच्या डोळ्यांत बघत होते.

"माल बघितला, असं मला म्हणालात," वेलणकर म्हणाले.

"म्हनालो. चुकलो. आता परत सांगतो, आनि ह्या खेपेला तुमी सोता हात घालून बघा. आत काय राहनार नाय. चार पेट्या पन नाय. पोराची ट्रंक पन नाय. तो आनि त्याची नल्ली, बस." नल्ली म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक. "दगडापाशी मी उभा राहतो. थांबायचं ते तुमी ठरवा, पन वेग नसताना पुढं आलात तर पिंपांच्या आधी मी हाय, एवढं ध्यानात ठेवा. माज्या जावयाचा आनि तुमचा जीव मी उगीच टांगनीला लावनार नाय."

वेलणकर वाकून चाकं बघू लागले. चाकं तापली होती, ती निवेपर्यंत तसंही थांबणं भाग होतं. त्यांची नजर खांबावरच्या पिशवीकडे गेली. पिशवी मेल्यासारखी लोंबत होती.

"वारा कधी येतो इथं?"

"खारा वारा आज उशीर करतोय," तांडेल म्हणाले. "पन येनार. सडा एवढा तापलाय, दर्याला आता राहवनार नाय."

"समोरून आला तर मला तेवढं कमी धावावं लागेल," वेलणकर जणू स्वतःशीच बोलले. "मीही आधीच त्याची वाट बघायला हवी होती. बरं. वारा आला तर नेतो. नाही आला तर नाही."

मग सगळे विमानाच्या पंखाच्या सावलीत बसलो. बसून काय करायचं, म्हणून गोदानं फणस फोडला. पिवळे गरे केळीच्या पानावर मांडून तिनं पहिला वाटा वेलणकरांपुढे केला. "खावा. पोटातनं तरी जाईल मुंबैला."

"पोटातला फणसही वजनच असतो, बाई," वेलणकर म्हणाले, आणि दोन गरे घेऊन थांबले. अकबरनं एकही खाल्ला नाही. वजनाच्या धाकानं, असं तो पुढे सांगायचा. नसीमा ट्रंक उघडून त्यातले कपडे पुन्हा पुन्हा घड्या करत होती.

आधी वास आला. मिऱ्याकडच्या सुकत्या जाळ्यांचा, खारट. मग गवताच्या वाळक्या काड्या हलल्या. खांबावरची पिशवी एकदा फुगली, पडली, पुन्हा फुगली, आणि मग समुद्राकडे तोंड करून ताठ उभी राहिली.

तांडेल उठले. कोणाला काही न सांगता पांढऱ्या दगडाकडे चालू लागले.

वेलणकरांनी स्वतः आत वाकून सगळीकडे हात फिरवला. विमान पट्टीच्या अगदी मागच्या टोकाला ढकलत नेलं, मातीला लागेपर्यंत. अकबरनं पायातल्या जाड वहाणासुद्धा काढून नसीमाच्या हातात दिल्या. "ह्या परत आल्यावर घालीन," तो म्हणाला. वेलणकर म्हणाले, "अरे, वहाणा चालतील." पण त्यानं ऐकलं नाही.

या वेळी विमान धावलं ते वेगळंच. शेपूट हलकं, नाक सरळ, समोरून वारा. दगडापाशी पांढरा लेंगा घालून उभे असलेले तांडेल त्या थरथरत्या हवेत गलबतावरच्या डोलकाठीसारखे दिसत होते. दगडाच्या बरंच अलीकडे चाकं कातळापासून सुटली. विमान एकदम वर गेलं नाही. ते तांडेलांच्या शेजारून, पिंपांच्या वरून, जवळजवळ कातळाला धरूनच गेलं, आणि सडा संपला तिथं आभाळात शिरलं. खाली मिऱ्याचा समुद्र होता. त्यावरून वळसा घेऊन ते आरे-वाऱ्याच्या अंगानं उत्तरेला लागलं.

आम्ही ओरडलो, नाचलो, बाबल्यानं टोपी उडवली. तांडेलांनी हात हलवला नाही. ते वाऱ्याची पिशवी बघत उभे होते, ती ताठ आहे याची खात्री करत. विमानाचा आवाज पुरता गेल्यावरच ते वळले.

अकबर साडेचारला कचेरीच्या दारात होता, अनवाणी. विमानतळावरून त्याला घेऊन आलेल्या सदूनं तिथंच रस्त्यावरून रबरी चपला घेऊन दिल्या. त्याच घालून तो जहाजावर चढला. ट्रंक मागाहून एस.टी.नं मुंबईला आणि तिथून पुढच्या बंदरात गेली.

काशीरामशेठच्या पेट्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. गाऱ्हाणं आदल्या संध्याकाळीच झालं, आणि गुरवानं त्यात "हवा घट ठेव" हे नवं मागणं घातलं. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं "व्हय महाराजा" म्हटलं ते मुसा तांडेलांनी.

शिशाचा गोळा त्यांनी परत घरी नेला नाही. पट्टीच्या खोलीपाशी, माल रचायच्या जागेवर तो ठेवून दिला. कोणी पिशवी घेऊन विमानाकडे सरकला की तांडेल बोलायचे नाहीत, नुसतं त्या गोळ्याकडे बोट करायचे. माणूस पिशवीसकट मागे फिरायचा. दोन वर्षांनी अकबर जहाजावरून आला, घरी ठेवलेल्या त्याच वहाणा पायांत घालून सड्यावर आला आणि म्हणाला, "मामू, आता तरी दे तो मला." तांडेल म्हणाले, "तो इथं कामावर हाय."

गोदा मात्र हरली नाही. पंच्याऐंशीच्या मेमध्ये भर दुपारी फणस कमरेवर घेऊन ती सड्यावर उभी. "भाय, पोरगा वाट बघतोय. जाऊ दे की."

तांडेलांनी फणस बघितला, खांबावरची पिशवी बघितली, तापलेला कातळ बघितला. "उद्या पहाटे आन. हवा घट असताना. फोडून आन, गरे काढून आन. आठळ्या घरी ठेव, आमटी कर."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ती आली, हातात ॲल्युमिनियमचा डबा घेऊन. तांडेलांनी डबा हातात तोलला, झाकण उघडून आत बघितलं, बोटानं गरे हलवून तळाशी काही नाही ना तेही बघितलं. मग स्वतःच्या हातानं तो पुढच्या जागेखाली ठेवला आणि पायलटला म्हणाले, "माल बघितला."